पालकाची सही

अंबिका गर्दे रस्त्यानं येताना दिसली की देवास गेटवरचे भाजीवालेसुद्धा तराजू नीट धरत. मुलींच्या सरकारी शाळेत ती गणित शिकवायची, आणि उज्जैनच्या मराठी मंडळींत तिच्याबद्दल दोन मतं नव्हती. बाई हुशार, पण फाटक्या तोंडाची. चाळिशीला आली होती, लग्न केलं नव्हतं, क्षीरसागर तलावापाशी माई पुराणिकांच्या माडीवर एका खोलीत राहत होती. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे. बोलावलं असतं तरी ती गेली नसती.

या कडूपणाला मूळ होतं. ते गावाला ठाऊक होतं, आणि बहुधा म्हणूनच गाव तिला माफ करत नव्हतं. अंबिका बालाश्रय मंडळाची पोर. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत आईबाप आठ दिवसांच्या अंतरानं गेले तेव्हा ती अंगावर पिणारी होती. ग्वाल्हेर संस्थानाच्या चाकरीत इकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांनी हे मंडळ काढलं होतं. अनाथ पोरं गोळा करायची आणि चांगल्या घरांतून सांभाळायला द्यायची. याला मंडळाच्या भाषेत 'घरी घालणं' म्हणत. पोराला छप्पर मिळे, घरवाल्यांना पुण्य मिळे, शिवाय पाणी भरायला आणि भांडी घासायला एक जोडी हात मिळत. अंबिकाला एका कारकुनाच्या घरी घातलं होतं. तिथं तिला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त सगळ्यांची पंगत उठल्यावर उरेल ते तिचं, आणि 'उपकार' हा शब्द रोज कानावर. अठराव्या वर्षी मॅट्रिक झाली त्या दिवशी ती जी घराबाहेर पडली ती त्या गल्लीतून पुन्हा गेली नाही. पुढं नोकरी करत, बाहेरून बसून, आग्रा विद्यापीठाची बी. ए. झाली.

देश स्वतंत्र झाला. पुढच्या साली संस्थान विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं. मंडळाच्या पाटीवरचं 'श्रीमंत सरकारांच्या कृपेने' पुसलं गेलं आणि तिथं 'जनसेवार्थ' आलं. आतली रीत तीच राहिली. मुलगे पंधरा-सोळाचे झाले की छापखान्यात नाहीतर दुकानात, मुली सतराच्या झाल्या की एखाद्या बिजवराच्या घरी. कॉलेजचं नाव कुणी काढत नसे. ते अंबिकानं काढलं. आठ वर्षांत मंडळाच्या चार मुलांसाठी तिनं भांडण मांडलं, आणि चारही वेळा ती हरली. एका मुलीला तर फॉर्म भरायच्या आठवड्यातच शाजापूरला उजवून टाकलं. दर हरण्यासरशी अंबिकाची जीभ आणखी तिखट झाली.

पाचवी जयू.

नववीत जयू तिच्या वर्गात आली तीच उशिरा, आणि मग रोजच उशिरा येऊ लागली. नखांत राख, परकराचा काठ ओला. अंबिका तिला दाराबाहेर उभी करी. कारण विचारायची तिला गरज नव्हती. जयू भय्यासाहेब सुभेदारांच्या घरी घातलेली होती. भय्यासाहेब म्हणजे फ्रीगंजमधले नावाजलेले वकील आणि बालाश्रय मंडळाचे चिटणीस. दाराबाहेर उभी राहूनच ती मुलगी फळ्यावरचं उदाहरण सोडवी आणि उत्तर तोंडातल्या तोंडात पुटपुटे, बाईंचा खडू तिथवर पोचायच्या आधी. हे अंबिकाच्या ध्यानात यायला पंधरवडा लागला. मग मधल्या सुट्टीत ती जयूला थांबवून घेऊ लागली. गोडीनं नव्हे. पहिल्याच दिवशी तिनं तिला बजावलं की कीव करणारे या गावात पुष्कळ आहेत, माझ्याकडे ती मिळणार नाही. चूक दाखवीन, ती सुधारायची. जयूला बाई मुळीच आवडत नव्हत्या, आणि तिनं ते लपवलंही नाही. पण वही घेऊन ती थांबत राहिली.

छप्पन साली मॅट्रिकचा निकाल लागला. जयूला पहिला वर्ग मिळाला, गणितात गावातल्या सगळ्या मुलींच्या वर. आता कॉलेजात इंटरला नाव घालायचं तर फॉर्मवर पालकाची सही हवी होती. जयूला अठरा पूर्ण व्हायला अजून नऊ महिने होते, त्यामुळं तिची स्वतःची सही चालणार नव्हती. मंडळाच्या नियमानं पोरांचं पालक मंडळच, मंडळाच्या वतीनं सही करायची चिटणीसांनी, आणि चिटणीस होते भय्यासाहेब.

अंबिका फॉर्म घेऊन फ्रीगंजला गेली. भय्यासाहेबांच्या पत्नी उषाताईंनी दोन कप चहा आणला. वकीलसाहेबांचा कप फुलांचा होता, अंबिकाचा तुटक्या कानाचा. तिनं त्याला हात लावला नाही. भय्यासाहेबांनी फॉर्म नीट वाचला, घडी घातली आणि परत तिच्याकडे सरकवला. जयूनं शिकू नये असं आपण कुठं म्हणतो, ते म्हणाले. पण मोठ्या मुलीचं बाळंतपण दिवाळीत आहे, घरात माणूस हवं. शिवाय मुलांच्या कॉलेजात जवान मुलगी पाठवायची, उद्या काही भलतंसलतं झालं तर नाव मंडळाचं जाणार. पुढच्या साली बघू.

पुढच्या साली ती कुणाच्या तरी घरी पोळ्या लाटत असेल, असं अंबिका म्हणाली.

भय्यासाहेबांचा आवाज चढला नाही. त्यांचा आवाज कोर्टातसुद्धा चढत नसे. "अंबिका, तू याच मंडळाचं अन्न खाल्लंस. ज्या थाळीत खायचं तिच्यातच छेद करायचा, ही कुठली रीत?"

"खाल्लं," अंबिका म्हणाली. "पण तुमच्या मंडळाची एकही थाळी मी घासल्याशिवाय ठेवली नाही. हिशेब फिटला."

भय्यासाहेब उठले. "या आता तुम्ही," असं म्हणाले. इतकी वर्षं ते तिला अगं-तुगं करत होते. त्या 'तुम्ही'चा अर्थ तिला जिना उतरता उतरता कळला.

आता हे चव्हाट्यावरच आणायचं, असं तिनं ठरवलं. गुरुपौर्णिमेला मंडळाचा वार्षिक मेळावा भरे. पोरांना धुतलेले कपडे घालून स्टेजवर रांगेनं उभं करत, त्यांच्या हातून आश्रयदात्यांना हार घालत, मग अहवाल आणि शेवटी पेढे. त्या वर्षी भय्यासाहेबांनी जयूला पुढं बोलावलं. मंडळाचं हे रत्न पहिल्या वर्गात पास झालं, असं त्यांनी सांगितलं, टाळ्या झाल्या आणि जयूनं त्यांना हार घातला. टाळ्या थांबता थांबता मागच्या बाकावरून अंबिका उभी राहिली. रत्न कॉलेजात पाठवणार आहात की मोरीवर ठेवणार आहात, तिनं विचारलं.

दोनशे माणसं वळून बघू लागली. भय्यासाहेब हसले आणि म्हणाले, आमची कुणावर सक्ती नाही, मुलगी समोर उभी आहे, तिलाच विचारा.

जयूनं आधी अंबिकाकडे पाहिलं. मग पहिल्या रांगेत बसलेल्या उषाताईंकडे पाहिलं. "मला पुढं शिकायचं नाही," ती म्हणाली.

कुणीतरी खुदकन हसलं. भय्यासाहेबांनी फार मऊ आवाजात अंबिकाबाईंना बसायला सांगितलं. ती बसली नाही. पायऱ्या उतरून तडक बाहेर पडली आणि फ्रीगंजपासून क्षीरसागरापर्यंत पायी आली. वाटेत तिनं जयूला मनात किती शिव्या दिल्या त्याला गणती नाही. भित्री, लाचार, मिठाला जागणारी. खोलीवर येऊन तिनं जयूच्या जुन्या वह्या काढल्या आणि माईंच्या चुलीपाशी जळणात टाकल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी जयू आली. डोक्यावर गव्हाचा डबा, चक्कीवर जायच्या निमित्तानं निघालेली. अंबिकानं तिला आत ये म्हटलं नाही. जयूनं डबा उंबऱ्यावर ठेवला आणि तिथंच उभी राहून बोलली.

"बाई, तुम्ही उठून बोललात, त्याआधी मला विचारलं होतंत?"

"विचारायचं काय त्यात? तुला शिकायचं आहे हे मला दिसत नाही?"

"दिसतं ना. पण स्टेजवरून उतरून मला त्याच घरी जायचं होतं. तुम्ही तुमच्या खोलीवर आलात. त्यांनी मला हार घालायला उभं केलं, तुम्ही भांडायला उभं केलंत. तुम्हा दोघांनाही मी तेवढ्यापुरतीच."

यापेक्षा कमी बोललेल्या मुलींच्या अंबिकानं मुस्काटात दिलेल्या होत्या. तिचा हात उठला नाही. ती खाटेवर बसली. त्या चार मुलांपैकी कुणाला आपण आधी विचारलं होतं का, हे ती आठवू लागली. शाजापूरला दिलेल्या मुलीचा आवाज कसा होता, तेसुद्धा तिला आठवेना. आठवत होती ती फक्त आपली भाषणं.

"बरं, मग आता विचारते," ती शेवटी म्हणाली. "तुला काय करायचं आहे?"

जयूनं ते आधीच ठरवून ठेवलं होतं. तिला गणितच शिकायचं होतं. पण बाईंचे उपकार नको होते. या शब्दावर अंबिका खेकसली की मी आयुष्यात कुणावर उपकार केलेले नाहीत. मग ठीक आहे, असं जयू म्हणाली आणि तिनं पुढचं सांगितलं. भय्यासाहेबांची सोमवारपासून इंदूरला हायकोर्टात तारीख होती, तीन दिवस ते घरी नसणार. फॉर्मची शेवटची तारीख मंगळवार. चिटणीस गावात नसले की मंडळाचा शिक्का आणि सहीचा अधिकार सहचिटणीसाकडे जातो, हे तिनं भय्यासाहेबांच्याच कपाटातल्या नियमांच्या पुस्तकात वाचलं होतं. रोज ते कपाट तीच पुसत होती.

सहचिटणीस होता सुधाकर. नाव मोठं, काम मंडळाच्या कचेरीतल्या कारकुनाचं. तोही मंडळाचाच पोर, अंबिकाच्या वयाचा. लहानपणी दोघं मेळाव्यात एकाच रांगेत उभी असत. गेली वीस वर्षं तो चिटणीसांचे कागद लिहीत होता, आणि अंबिका त्याला तोंडावर 'पायपुसणं' म्हणत होती. आता त्याच्याच दारात जायची वेळ आली. जयूनं तिला स्वच्छ सांगितलं की तुम्ही येऊ नका, तुम्हाला बघून ते घाबरतील. अंबिका मंगळवारी कचेरीच्या अंगणात चिंचेखाली थांबली. अर्धा तास झाला, पाऊण झाला. मग तिला राहवलं नाही आणि ती आत गेली.

सुधाकरच्या पुढ्यात फॉर्म होता. पेनचं टोपण काढलेलं नव्हतं. अंबिकाला पाहून तो दचकला नाही, उलट जयूलाच त्यानं बाहेर थांबायला सांगितलं.

मग तो खाली मान घालून बोलला. मॅट्रिकला त्याला दुसरा वर्ग मिळाला होता. इंदूरला जाऊन ओव्हरसियर व्हायचं त्याच्या मनात होतं. तेव्हाच्या चिटणीसांनी सांगितलं, कचेरीत माणूस हवा आहे, मंडळानं तुला वाढवलं, आता तू मंडळाचं कर. तो राहिला.

"माझ्यासाठी तू भांडली नाहीस कधी," तो म्हणाला.

"तू कधी मागितलं नाहीस."

"मागायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. तू ते कुठं शिकलीस, देव जाणे."

सुधाकरनं टोपण काढलं, सही केली, शाई वाळू दिली आणि शिक्का मारला. सगळं कचेरीतल्या रोजच्या कामासारखं, सावकाश. फॉर्म तिच्या हातात देताना मात्र त्यानं तो क्षणभर सोडला नाही.

"ही सही मी केली. अंबिकानं धमकावलं म्हणून केली, असं गावात होऊ देऊ नकोस. एवढं एक माझं राहू दे."

तिनं मान हलवली. दुपारी चारला जयूनं स्वतःच्या हातानं फॉर्म कॉलेजच्या खिडकीत दिला.

भय्यासाहेब परतल्यावर व्हायचं ते झालं. ते कॉलेजात जाऊन आले. शिक्का मंडळाचा, नियम मंडळाचा, त्यामुळं तिथं काही करता येईना. मग त्यांनी सुधाकरला त्याच दिवशी कामावरून काढलं. जयूची पत्र्याची पेटी ओसरीवर आणून ठेवली. पेटी घेऊन जयू अंबिकाच्या खोलीवर आली, पण येताना म्हणाली, दुसरीकडे जागा मिळेपर्यंतच. जागा मिळाली नाही. एका खोलीत दोघी राहिल्या आणि रोज भांडल्या. जयूचं म्हणणं, बाई दिव्याची वात फार खाली करतात. अंबिकाचं म्हणणं, पोरगी भांडी आदळते. माईंचं म्हणणं, आपण एका बाईला खोली दिली होती, कॉलेजच्या पोरीला नव्हे. आळीतल्या बायका जयूला पाहून मुद्दाम मोठ्यानं बोलत, आणि कॉलेजात पहिले काही दिवस तिच्या बाकावर कुणीतरी 'अनाथालय' असं खडूनं लिहून ठेवी. ती ते पुसून बसे.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला मध्यभारत संपला. भोपाळ, विंध्य, महाकोशल सगळं जोडून नवा मध्य प्रदेश झाला. गावोगावच्या नोकरांच्या याद्या एक झाल्या आणि कुणालाही कुठंही पाठवायची सोय झाली. डिसेंबरात अंबिकाला बदलीचा हुकूम आला, सीधीला. तिनं नकाशा काढून पाहिलं. नव्या राज्याचं पार ईशान्येचं टोक, जवळ रेल्वे नाही. भय्यासाहेबांचे कुणी नातलग वरच्या कचेरीत आहेत, असं लोक म्हणत. खरंखोटं कळायला मार्ग नव्हता. भय्यासाहेब मात्र स्टेशनाजवळ तिला भेटले तेव्हा टोपीला हात लावून म्हणाले, "नवं राज्य आहे, अंबिकाबाई. तिकडच्या मुलींनाही शिकू द्या."

ती सतन्यापर्यंत गाडीनं आणि पुढं दिवसभर मोटारीनं गेली. सीधीच्या शाळेत चाळीस मुली आणि दीड फळा. मराठी बोलायला माणूस नाही. तिथली बोली तिला समजेना आणि तिचं हिंदी त्या मुलींना. उज्जैनची खोली तिनं सोडली नाही. जयू तिथं एकटी राहू लागली आणि शिकवण्या करून खर्च भागवू लागली. माईंनी खूप त्रागा केला, पण हाकललं नाही. ही निदान भांडत तरी नाही, असं त्यांनी शेजारणीला सांगितलं.

सुधाकर कचेऱ्यांच्या बाहेर झाडाखाली स्टूल टाकून लोकांचे अर्ज लिहू लागला. नव्या राज्यात रहिवासाचे दाखले नव्यानं लागत होते, त्यामुळं त्याला उसंत नसे. जयूचे पुढचे सगळे फॉर्म त्यानंच भरले.

सत्तावन साली उज्जैनला स्वतःचं विद्यापीठ झालं. जयू इंटर झाली, मग तिथूनच साठ साली गणित घेऊन बी. ए. झाली, पहिल्या वर्गात. सीधीला तिची पत्रं जात. त्यांत आभाराचं अक्षर नसे. अडलेली उदाहरणं असत, गळक्या कौलाची तक्रार असे. अंबिकाची उत्तरं त्याहून कोरडी.

बी. ए.च्या निकालानंतर आलेल्या पत्रानं मात्र अंबिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. मंडळानं जयूचा सत्कार ठरवला होता, भय्यासाहेबांच्या हस्ते शाल. आणि जयू तिथं जाऊन, शाल घेऊन, नमस्कार करून आली होती. भाषणात भय्यासाहेबांनी सांगितलं होतं की मंडळानं या मुलीला पदवीपर्यंत पोचवलं. सुधाकरचं नाव नाही, अंबिकाचं तर नाहीच. पत्राच्या शेवटी जयूनं लिहिलं होतं: 'तुम्ही रागावणार हे माहीत आहे. सुलू अजून त्या घरात आहे. मॅट्रिक झाली आहे. तिला मी आधी विचारलं. मग भय्यासाहेबांना सांगितलं की सुलूच्या फॉर्मवर सही करा, त्याच दिवशी शाल घ्यायला येते. त्यांनी केली.'

सुलू म्हणजे जयूच्या जागी त्या घरात घातलेली मुलगी. अंबिकानं पत्र दोनदा वाचलं. तिला पटलं नाही. त्या माणसापुढं वाकून मिळवलेली सही तिला नको होती. सुधाकरनं नोकरी घालवून केलेल्या सहीचा हा अपमान आहे, असं तिला वाटलं. तिनं चार महिने जयूला उत्तर लिहिलं नाही. बदलीसाठी पुन्हा अर्ज केला, तो पुन्हा नामंजूर झाला.

कार्तिकात एक पाकीट आलं, अक्षर अनोळखी. सुलूचं होतं. ती आता त्याच माडीवर जयूताईबरोबर राहत होती. गणित तिला जमत नव्हतं, इतिहास घ्यायचा होता, पण जयूताई ऐकत नव्हती, रोज भांडण होत होतं. बाईंनी काय ते सांगावं.

अंबिकानं शाळा सुटल्यावर दौत काढली आणि दोन पत्रं लिहिली. सुलूला लिहिलं की इतिहास घे, आणि वर्षभर रडत बसू नकोस. दुसरं पत्र जयूला होतं. त्यात आधी सत्काराबद्दल दीड पान सडकून झोडपलं होतं, आणि मग सुलूला मुकाट्यानं इतिहास घेऊ द्यायला सांगितलं होतं. शिवाय माईंना सांगून पावसाळ्याच्या आत कौलं बदलून घे, खोलीत आता दोघी आहात.